न विचारता खणलेला पाया

१९ मार्च

शिक्षण कचेरीचं पत्र आलं! अकरा एप्रिलला साहेब येणार. साठ मुलं हजर हवीत आणि इमारत हवी – निदान पाया भरलेला आणि भिंती गुडघ्याएवढ्या. तेवढं दिसलं तर शाळा सरकार चालवणार, पगारी शिक्षक देणार. नाही दिसलं तर जुलैपासून बंद.

मुलं एकाहत्तर आहेत. इमारत नाही. कडुनिंबाचं झाड आहे, खडूनं लिहायचे दोन फळे आहेत, मी आहे आणि अयाम्बिरे सर आहेत. दोघंही बिनपगारी. मला संस्थेनं खोली दिलीय. सर इथलेच, घरचं खातात. संस्था आयर्लंडमधल्या ब्रिजिडबाईंची. छपराचे पत्रे, सिमेंट, लाकूड त्यांनी पाठवून ठेवलंय, पण जुलैत त्यांचाही हात आखडणार.

शाळा बंद झाली तर मुलांना नाल्यापलीकडे जावं लागेल, सात किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी त्याच वाटेवर ऑगस्टमध्ये दोन मुली वाहून गेल्या. म्हणून तर ही शाळा सुरू झाली. त्यातल्या एकीची आई अजून रोज सकाळी आमचा रांजण भरून जाते. काही बोलत नाही. भरते आणि जाते.

नाही. बंद होऊ देणार नाही!

२१ मार्च

भुईच्या धन्याकडे, म्हणजे गावच्या जमिनीच्या पुजाऱ्याकडे, जाऊन आले. अतामपुग्रे बाबांनी फेब्रुवारीतच मान हलवली होती. म्हणाले होते, "पुढचा बाजार झाला की ये. कोंबडं कापू, भुई काय म्हणते बघू." तेवढंच राहिलंय. त्याशिवाय ह्या गावात, नामबिगात, कुणी घराची चूलसुद्धा नव्या जागी मांडत नाही.

दारात त्यांची बहीण अझुम्पोका आजी बसली होती. एरवी मला पाहिलं की लांबूनच ओरडते, "आली गं माझी सवत! कुत्र्याचं मुंडकं खाऊन आलीस की पाय?" मी दागाओ, ती फ्राफ्रा. आमच्या दोन जमातींचं थट्टेचं नातं, कुत्र्याच्या मुंडक्यावरून भांडायचं. काहीही बोलावं, राग धरायचा नाही.

आज थट्टा नाही. बाजरीच्या पिठाचं पाणी दिलं, तेही खाली बघून.

"बाबा कसे आहेत?"

"डोकं दुखतंय."

म्हणे अकरा दिवस डोकं दुखतंय. अंगणात दोन मेंढे बांधलेत. लांब कुमासी शहरात कामाला असलेले पुतणे परत आलेत आणि कोपऱ्यात गप्प बसलेत.

मी ओळखलं. आमच्या नांदोमकडेही असंच असतं. भुईचा धनी गेला की "गेला" म्हणायचं नाही. सगळे सोयरे जमून ढोल वाजेपर्यंत त्याचं डोकं दुखत असतं. आणि नवा धनी ठरेपर्यंत भुईला कुणी नसतं. नवी जागा उकरायची नाही.

ढोल मेमध्ये वाजतील. साहेब अकरा एप्रिलला येतील.

२३ मार्च

सरांशी बोलले. ते बाबांच्या धाकट्या भावाचे चिरंजीव. त्यांच्याच घरात वाढलेले.

म्हणाले, "मॅडम, जरा थांबा."

"किती?"

"जरा."

"का थांबू, ते सांगा."

खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "काकांना विचारायला हवं."

"मग विचारा ना! आतच तर आहेत."

मी हे त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्यांना कारण सांगता येणार नाही, हे ठाऊक असून म्हटलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही.

२४ मार्च

विचार करतेय. "नाही" म्हणायचा हक्क एकट्या धन्याला. धनी नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणजे मला "नाही" म्हणणारं कुणीच नाही. आणि "हो" त्यांनी फेब्रुवारीत म्हटलंच होतं – जवळजवळ.

मी चार वर्षं विद्यापीठात काढली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहावीपुढे गेलं नव्हतं. त्या दोन मुली पाण्यात गेल्या तेव्हा भुई काय म्हणाली होती?

२५ मार्च

ठरलं. बोल्गा शहरातून गवंडी बोलावले. इथलं कुणी कुदळ धरणार नाही.

२६ मार्च

खणलं. तीन गवंडी, सकाळी सहा ते दुपार. ओळंबा, दोऱ्या, खुंट्या, सगळं नीट. चाळीस फूट बाय बावीस, मध्ये एक आडवा चर. मुकादम शिट्टी वाजवत होता. म्हणाला, "तुमच्या गावात माणसं नाहीत का? एक बाई बघायला आली नाही!" खरंच नाही आली. सगळी दारं उघडी, आणि दारात कुणी नाही.

सर शाळेत आले नाहीत. पाया खणला म्हणून कचेरीला चिठ्ठी धाडली.

माती लाल निघाली. मला आनंद झाला होता. हे लिहून ठेवते. मला आनंद झाला होता.

२७ मार्च

एकोणपन्नास मुलं.

२८ मार्च

तीस. सर आले, पण गप्प. मुलं चराकडे पाठ करून बसतात. गवंडी दगड टाकायला येणार होते, त्यांचा ट्रॅक्टर बिघडला. आता पुढच्या आठवड्यात.

घरोघरी गेले. "पोर का आलं नाही?" – "शेळ्यांमागे गेलंय." "पोट दुखतंय." "आजीकडे गेलंय." सगळे हसून बोलतात, बसायला पाट देतात. कुणी भांडत नाही! कुणीतरी भांडावं असं वाटत होतं. मी त्यांना ज्या गप्पपणात कोंडलं, त्याच गप्पपणात त्यांनी मला बाहेर ठेवलंय.

३० मार्च

अकरा मुलं.

ब्रिजिडबाईंचा फोन. पाया खणला म्हटल्यावर केवढ्या खूश! "मुलांना त्यात उभं कर आणि फोटो पाठव, हातात फावडी देऊन." मी म्हटलं, बघते.

१ एप्रिल

पहिलीतली तेनी तापानं फणफणलीय. मान वळवता येत नाही म्हणतात. हा मेंदूज्वराचा, मान आखडण्याचाच महिना. दरवर्षी कुठे ना कुठे पोरं जातात. सरांनी तिला मोटरसायकलवर पुढे घेतलं, तिच्या आईला मागे, आणि बोल्गाच्या दवाखान्यात नेलं. जाताना तिची आई चराकडे बघत गेली. माझ्याकडे नाही, चराकडे.

ताप खड्ड्यानं येत नाही. मला माहीत आहे ताप कशानं येतो. मी हेच शिकवते.

दिवसभर चराच्या कडेला बसून होते.

२ एप्रिल

तेनीला हिवताप निघाला. मान झोपेत अवघडली होती! रडले. सर म्हणाले, "पोर वाचलं." एवढंच.

पण गावाचं उत्तर आलंय. आज एकही मूल नाही. रांजणही रिकामा. ती बाईसुद्धा आली नाही.

३ एप्रिल

आईचा फोन. नांदोमला बातमी आधीच पोचलीय. बाजाराला पाय असतात.

"स्कोला, खरं आहे का गं?"

"काय?"

"अगं काय म्हणून विचारतेस मलाच? धनी नसताना भुई उकरलीस?"

"आई, कुणी म्हणालं नाही की ते –"

"तुला म्हणून दाखवायला हवं? तू काय राजधानीतली, अक्राची पोर आहेस? मी पिटोची दारू गाळून गाळून तुला शिकवलं. माझ्या हाताची सालं गेली. ते ह्यासाठी? शहरातला माणूस न कळून खणतो. तू कळून खणलंस!"

मी म्हटलं, "मुलांसाठी खणलं."

"कुठायत मुलं?"

फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही.

४ एप्रिल

अझुम्पोका आजीकडे गेले. ती शेंगदाणे निवडत होती. अंगणात आठ-दहा बायका, पुरुष भिंतीकडेला. मी उकिडवी बसले. माफी मागायची होती, पण कशाची मागू? ज्याचं नाव घेता येत नाही त्याची?

आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, "दागाओ, ह्या घरात सगळ्यांची तोंडं शिवलेली आहेत. तुझं कुणी शिवलंय?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी थट्टेच्या नात्यातली. ह्यांच्या सुतकात जे कुणी बोलू शकत नाही ते मी बोलू शकते. किंबहुना मीच बोलायचं असतं. आमच्याकडे फ्राफ्रा येऊन असंच बोलतात. लहानपणी आजोबा गेले तेव्हा मी ऐकलंय.

उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "काय लोक आहात! तुमचा म्हातारा कधीचा उठून गेलाय, आणि तुम्ही त्याच्या वाटचा पिटो पीत बसलात! त्याला वाटेत खायला कुत्र्याचं मुंडकं तरी दिलंत का, की तेही तुम्हीच चापलंत?"

मग आजी हसली. अशी हसली की सुपातले शेंगदाणे सांडले. बायका हसायला लागल्या, पदरांनी डोळे पुसायला लागल्या. पंचवीस दिवस दाबलेलं रडं हसण्यातून बाहेर पडत होतं. भिंतीकडेला अयाम्बिरे सर तोंड झाकून हलत होते. हसत होते की रडत होते, सांगता येत नाही.

मी म्हटलं, "आणि तो नसताना त्याच्या घरात चोर शिरला. तो चोर मी."

हसणं थांबलं. आजी म्हणाली, "ते ठाऊक आहे. उघडलंस तशी मिटव. तुझ्या हातांनी. इथलं कुणी हात लावणार नाही, तुझे गवंडीही नाहीत. सगळं बुजलं की पोरं येतील."

"आजी, अकरा तारखेला साहेब येणार. पाया दिसला नाही तर शाळा जाईल."

"मग जाईल," म्हातारी म्हणाली. "आमची पोरं त्या चरावरून उडी मारून शाळेत जाणार नाहीत. तू ठरव."

५ एप्रिल

पाया ठेवला तर मुलं नाहीत. मुलं आणली तर पाया नाही. साहेबांना दोन्ही हवं.

पाचला उठून फावडं घेतलं.

६ एप्रिल

एक लांब बाजू आणि आडवा चर झाला. फोड आले, फुटले. ऊन इतकं की फावड्याचा दांडा धरवत नाही. लाल माती वाळून ढेकळं झालीत, ती आधी फोडावी लागतात. खणायला तीन बाप्यांना अर्धा दिवस लागला होता.

मुलं लांब शियाच्या झाडाखाली बसून बघतात. जवळ येत नाहीत.

७ एप्रिल

अझुम्पोका आजी आली! काठी टेकत, तिपाई घेऊन. सावलीत बसली आणि सुरू झाली.

"दागाओ बायका असं फावडं धरतात होय? म्हणून तुमच्या बाजरीला कणसं नाहीत!"

"आजी, तुमची कणसं पाखरं खातात. तुम्ही हसत बसता म्हणून."

"कंबर वाकव, सवत! नवरा कोण देईल तुला? ही बघा, कोंबडी उकरते तशी उकरतेय!"

दिवसभर. तिनं मला पाणी दिलं नाही, हात दिला नाही. पण उठूनही गेली नाही. सूर्य कलला तेव्हा तिसरी बाजू भरली होती.

८ एप्रिल

झालं. शेवटची ढेकळं हातांनीच दाबली, बोटं वळत नव्हती. आजीच्या घरून एक करडं कोंबडं आलं. घरातल्या वडीलधाऱ्यानं ते मातीवर धरलं, पुटपुटला, कापलं. कोंबडं उताणं पडलं. आमच्याकडेही तेच चांगलं मानतात.

सर पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. "मॅडम, तुम्ही मला म्हणाला होतात ना – विचारा, आतच आहेत." मी मान खाली घातली. म्हणाले, "मी खरंच आत गेलो होतो. काका बसायचे त्या रिकाम्या कातड्यापुढे बसून विचारलं. काकांनी मला पाटीवर अ काढायला बसवलं होतं. ते नाही म्हणाले नसते. पण मला तसं सांगता येत नव्हतं."

म्हणजे थांबले असते तर ह्यांनीच काहीतरी वाट काढली असती का? विचारलं नाही. उत्तर नको होतं.

११ एप्रिल

मुलं एकाहत्तर! नाही, त्र्याऐंशी. कडेवरची पोरं, पाळण्यातली, दोन आज्यासुद्धा पहिलीत बसल्या. रांजण काठोकाठ. तेनी पुढच्या रांगेत, तेल चोपडून.

साहेब मोटरसायकलवरून आले. टायवर धूळ. माणूस वाईट नाही. मुलांकडून पाढे म्हणून घेतले, वह्या बघितल्या. मान हलवत होते. मग उठले.

"इमारत?"

"नाही साहेब."

"पाया? तुमच्या चिठ्ठीत तर पाया खणल्याचं लिहिलं होतं."

"खणला होता. बुजवला."

"बुजवला? का?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. साहेब बोल्गाचे, पण फ्राफ्राच. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांना समजलं असतं, कदाचित मुदतही दिली असती. पण ढोल वाजलेले नाहीत. थट्टेत, घरच्या अंगणात मी ते बोलू शकते. कचेरीच्या कागदावर नाही. साहेब लिहून घेणार, शिक्का मारणार. एखाद्याचं मरण असं जाहीर होत नाही.

म्हटलं, "माझी चूक, साहेब. जागा चुकली."

"मॅडम, तुम्ही पदवीधर ना?"

"हो, साहेब."

त्यांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं – शिफारस नाही.

ते गेल्यावर मुलं घरी जाईनात. शेवटी सरांनी पुन्हा सातचा पाढा घेतला.

१२ एप्रिल

लिहवत नाही.

२३ एप्रिल

रोज शाळा भरते. एकाहत्तर. मी शिकवते, आणि मध्येच थांबते. एखाद्या पोराच्या पायांकडे बघत राहते. एवढेसे पाय. सात किलोमीटर. नाला.

६ मे

पत्र आलं. सत्रअखेर शाळा बंद. मुलांची नावं नाल्यापलीकडच्या शाळेत घालावीत. चार ओळी, सही, शिक्का.

सरांना दिलं. त्यांनी वाचून घडी केली, परत दिलं. म्हणाले, "मुलांना आज नको सांगायला." मी म्हटलं, "आज नको, उद्या नको – मग कधी? पाणी चढल्यावर?" मी ओरडले त्यांच्यावर. ते उभे राहिले, ओरडू दिलं.

९ मे

ब्रिजिडबाई फोनवर रडल्या. म्हणाल्या, देणगीदारांना काय सांगू? पत्रे आणि सिमेंट दुसऱ्या गावच्या शाळेला द्यावं लागेल. वीस तारखेला ट्रक येईल. "तुझा दोष नाही," असं तीनदा म्हणाल्या.

आहे. माझाच आहे. धीर धरला असता, सरांच्या घरच्यांसमोर बसले असते, त्यांच्या मौनाला वेळ दिला असता! मी मुलांना वाचवायला निघाले आणि त्यांच्या हातात नाल्याची वाट दिली. आईला हे कळवलं नाही. तिनं माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलंय.

११ मे

रांजण भरणाऱ्या बाईंना मीच सांगितलं. त्यांना आधी कळायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, घागर डोक्यावर चढवली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "माझ्या पोरीचं नाव अतिपोका होतं," म्हणाल्या. "हजेरीत घाल. तिकडे नेतील तेव्हा तिचंही नाव जाऊ दे."

घातलं. बहात्तर.

१५ मे

ढोल! पहाटेपासून. आता सगळे मोठ्यानं म्हणू शकतात – अतामपुग्रे बाबा गेले. बायका ओरडून ओरडून रडतायत. दोन महिन्यांचं रडं. शाळेला सुट्टी. सर तीन दिवस दिसले नाहीत, घरातच आहेत. जाणते उद्या-परवा कौल लावतील, नवा धनी ठरेल.

ट्रकला पाच दिवस.

१८ मे

कौल अयाम्बिरे सरांवर पडला.

सकाळी ते शाळेत आले. अंगावर शर्ट नाही, धन्याचं कातडं. मागे सगळं घर. मुलं नेहमीसारखी "गुड मॉर्निंग सर" म्हणायला उठली आणि उठता उठता गुडघ्यांवर बसली. "सर" कुणी म्हणालं नाही. भुईचा धनी शिकवत नाही, आता त्यांच्यापुढे उभं राहून कुणी पाढे म्हणणार नाही.

झाडापासून पूर्वेकडे पावलं टाकत गेले. थांबले. टाचेनं मातीत रेघ ओढली. पुरुष कुदळी घेऊन पुढे झाले, चाळीसएक तरी. ट्रक परवा येतोय. त्याआधी भिंती उभ्या राहिल्या तर पत्रे कोण उचलून नेणार आहे! कचेरीच्या पत्राचं काय ते पुढे बघू.

मी खडूचा डबा त्यांच्यापुढे धरला. सवयीनं. त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला.